खासदारांचे वेतन : अफवा आणि वस्तुस्थिती

संसद सदस्यांच्या वेतनाविषयीचा एक ई-मेल या शतकाच्या पहिल्या दशकात देशभर फिरत होता. मासिक वेतन १२,००० रुपये, त्याशिवाय भत्ते, रेल्वे व विमानप्रवास, ५०,००० युनिट वीज, दूरध्वनी अशी यादी देऊन एका खासदारावर वर्षाला ३२ लाख, पाच वर्षांत १ कोटी ६० लाख आणि ५३४ खासदारांवर सुमारे ८५५ कोटी रुपये खर्च होतात, असे त्यात म्हटले होते. खासदारांना आयकर नाही, एकदा निवडून आले की आयुष्यभर पूर्ण वेतन मिळते, असे दावेही अशा संदेशांतून केले जातात. त्यांची तपासणी कशी करावी?

पहिली पायरी कायद्याची. संविधानाच्या अनुच्छेद १०६ नुसार संसद सदस्यांचे वेतन व भत्ते संसद कायद्याने ठरवते. त्यासाठी १९५४ चा संसद सदस्य वेतन, भत्ते व निवृत्तिवेतन अधिनियम आहे. राज्य विधिमंडळांच्या सदस्यांसाठी अनुच्छेद १९५ ची स्वतंत्र तरतूद असल्याने एखाद्या राज्यातील आमदारांचे नियम खासदारांना लागू होत नाहीत.

दुसरी पायरी आकडेमोडीची. वेतनाचा आकडा खरा होता. २००१ ते २००६ या काळात ते १२,००० रुपयेच होते. यादीचा आरंभ खरा असल्याने पुढचेही खरे वाटते. परंतु वीज, दूरध्वनी व प्रवास यांच्या कमाल मर्यादा हाती पडणारी रोख रक्कम समजून त्यांची बेरीज केली होती. ८५५ कोटी ही रक्कम पाच वर्षांची होती. शिवाय लोकसभेच्या निवडून द्यावयाच्या जागा ५३४ नसून ५४३ आहेत, आणि राज्यसभेचा हिशेब त्यात नव्हताच.

याच प्रकारची गल्लत खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेबाबत होते. २०११-१२ पासून या योजनेची रक्कम प्रति सदस्य वार्षिक ५ कोटी रुपये झाली. ही रक्कम सदस्याचे उत्पन्न नसते. सदस्य केवळ कामांची शिफारस करतो. मंजुरी व अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते.

वेतन व निवृत्तिवेतन

मासिक वेतन २००६ मध्ये १६,००० रुपये, २०१० मध्ये ५०,००० रुपये आणि २०१८ मध्ये १ लाख रुपये झाले. २०१८ च्या वित्त अधिनियमाने दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकानुसार वेतनवाढीची तरतूद केली. त्यानुसार मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघून १ एप्रिल २०२३ पासून वेतन १,२४,००० रुपये, दैनिक भत्ता २,५०० रुपये आणि मूळ निवृत्तिवेतन ३१,००० रुपये करण्यात आले. म्हणजे मूळ निवृत्तिवेतन वेतनाच्या एक चतुर्थांश आहे. पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षासाठी २,५०० रुपये अधिक मिळतात; दहा वर्षे सदस्य राहिलेल्या व्यक्तीस ४३,५०० रुपये मिळतील. ही रक्कम लहान नाही. मात्र ती ‘पूर्ण वेतन’ नव्हे.

आयकराचा दावाही चुकीचा आहे. खासदार हा शासनाचा कर्मचारी नसल्याने त्याचे वेतन ‘अन्य स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली करपात्र ठरते. जुन्या करप्रणालीत दैनिक भत्ता व मतदारसंघ भत्ता यांना सूट आहे. या अर्धसत्यातून ‘खासदारांना कर नाही’ अशी समजूत रूढ झाली. संसदेच्या उपाहारगृहातील स्वस्त जेवणाची कथा एके काळी खरी होती. ते अनुदान २०२१ मध्ये बंद झाले. दर बदलले तरी जुने संदेश फिरतच राहतात. म्हणून प्रत्येक आकड्याचे वर्ष पाहणे आवश्यक ठरते.

खरे प्रश्न

अफवा खोटी ठरली म्हणून सारे प्रश्न मिटत नाहीत. निवृत्तिवेतनासाठी किमान सदस्यत्वकाळाची अट कायद्यात नाही. या तरतुदींना दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘लोकप्रहरी’ प्रकरणात फेटाळले. मात्र धोरणाची चर्चा त्याने संपत नाही. पंजाबने २०२२ मध्ये ‘एक आमदार, एक निवृत्तिवेतन’ असा कायदा केला. ब्रिटनमध्ये कनिष्ठ सभागृहाच्या सदस्यांचे वेतन २००९ च्या कायद्याने स्थापन झालेले स्वतंत्र प्राधिकरण ठरवते. भारतात निर्देशांकाची जोड मिळाली असली तरी मूळ रक्कम संसदच निश्चित करते. आपले वेतन आपणच ठरवावे काय, हा लोकशाहीतील रास्त प्रश्न आहे.

लोकप्रतिनिधींना वेतनच नसेल तर केवळ धनवानांनाच राजकारण परवडेल. ते अवाजवी असेल तर जनतेचा विश्वास उडेल. या दोहोंमधील योग्य मर्यादा ठरवण्यासाठी नागरिकांच्या हाती खरे आकडे असले पाहिजेत. फुगवलेल्या आकड्यांवर उभी राहिलेली टीका एका खुलाशाने कोसळते आणि तिच्याबरोबर रास्त प्रश्नही मागे पडतो.