ध्वनीचा वेग : पाठ करावा की मोजावा?

आपल्या घरातील नववी-दहावीच्या मुलाला ध्वनीचा हवेतील वेग विचारला, तर तो चटकन सांगेल, “सेकंदाला ३४० मीटर.” उत्तर चुकीचे नाही. परंतु त्यालाच पुढे विचारावे, “हा वेग जानेवारीतला, की एप्रिलमधला?” बहुतेक मुले येथे अडखळतात, कारण आकडा पाठ झालेला असतो, मोजलेला नसतो.

ध्वनी हवेतून जातो, तेव्हा हवा त्याच्याबरोबर प्रवास करीत नाही. मुलांना एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे करावे आणि शेवटच्या मुलाला हळूच पुढे रेटावे. धक्का रांगेच्या टोकापर्यंत पोहोचतो. मुले मात्र आपापल्या जागीच राहतात. हवेचे कणही असेच पुढेमागे हलतात. कोठे दाटी होते, कोठे विरळपणा येतो, आणि हे दाट-विरळ पट्टे पुढे सरकत जातात. हाच ध्वनीचा तरंग होय.

आता त्याचा वेग मोजू. मोकळ्या मैदानात एखाद्या उंच, सपाट भिंतीपासून ८५ मीटरांवर उभे राहून टाळ्या वाजवाव्यात. प्रत्येक टाळी आधीच्या टाळीच्या प्रतिध्वनीशी तंतोतंत जुळेल, असा ठेका धरावा. ठेका जमला की सोबत्याने एका टाळीला ‘शून्य’ म्हणून घड्याळ सुरू करावे व ‘वीस’ म्हणताच थांबवावे. एवढ्या वेळात ध्वनीने भिंतीपर्यंत वीस खेपा केल्या, म्हणजे ३,४०० मीटर अंतर तोडले. त्यास सेकंदांनी भागले की वेग मिळतो. चार-पाच वेळा मोजून सरासरी काढावी.

या प्रयोगाला दिल्लीचे विषम हवामान फार उपकारक आहे. शून्य अंश सेल्सियसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशामागे तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. जानेवारीच्या सकाळी पारा ७ अंशांवर असेल, तर वीस खेपांना १०.१ सेकंद लागतील. एप्रिलअखेर ४० अंशांवर चढला, तर ९.६ सेकंद पुरतील. अर्ध्या सेकंदाचा हा फरक काळजीपूर्वक मोजणाऱ्यास कळून येतो. मुंबईच्या सम हवेत तो इतका ठळक दिसत नाही.

घड्याळातील त्या सेकंदाचेही दिल्लीशी नाते आहे. डॉ. के. एस. कृष्णन ज्या संस्थेचे पहिले संचालक होते आणि जिचे उद्‌घाटन २१ जानेवारी १९५० रोजी झाले, ती येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाच भारतीय प्रमाण वेळ राखते.

मोजणी आणि अपेक्षा यांत अंतर पडले, तर ते झाकू नये. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या गणितातून निघणारा वेग खऱ्या वेगापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी होता. दाटी होताना हवा क्षणभर तापते, हे त्यात धरलेले नव्हते. ती उणीव पुढे लाप्लासने दाखवून दिली. म्हणून वहीत ३५३ आले असता ते खोडून ३४० लिहिणाऱ्या मुलाला आपण थांबवावे, आणि त्या दिवशी हवा किती तापली होती, एवढेच विचारावे.