भयकथेतील नगर आणि त्राता

नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या अनेक भयकथांतून पुनःपुन्हा भेटतो तो एक माणूस : समर्थ. स्टीफन किंगच्या लेखनात पुनरावृत्ती होते ती स्थळाची. मेन राज्यातील त्याचे काल्पनिक डेरी 'इट' (१९८६), 'इन्सोम्निया' (१९९४) अशा कादंबऱ्यांतून परतते. पात्रे बदलतात, नगर टिकते. 'इट'मधील अनिष्ट शक्ती सुमारे २७ वर्षांनी जागी होते आणि प्रौढ नागरिक पाहूनही न पाहिल्यासारखे करतात. खरे भयावह आहे ते हेच. राक्षस त्यामानाने किरकोळ! समर्थांच्या आगमनाने वाचक आश्वस्त होतो. डेरीत मात्र निवारणाचा भार मुलांवर पडतो, आणि त्यांनाच शपथ घ्यावी लागते. धारपांची 'शपथ' ही कादंबरी याच कथानकावर बेतलेली आहे.