ख्मेर लोक आले कुठून?

अंगकोरवाट पाहून आलेली मंडळी हमखास सांगतात, 'सर, तिथं सगळं आपलंच आहे हो!' भिंतींवर रामायण-महाभारत कोरलेलं, तेव्हा असं वाटणं साहजिक आहे. पण ते देऊळ बाराव्या शतकातलं. ते बांधणाऱ्यांचे पूर्वज कोण, हा प्रश्न त्याच्या कितीतरी मागं जातो.

भाषेपासून सुरुवात करू. ख्मेर ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातली. व्हिएतनामी, ब्रह्मदेश-थायलंडमधली मोन, मेघालयातली खासी, झारखंडकडची संताळी, मुंडारी आणि आपल्या मेळघाटातली कोरकू, या सगळ्या तिच्या नात्यातल्या. ख्मेरमध्ये तीनला 'बेइ', चारला 'बुओन'. संताळीत 'पे' आणि 'पोन'. म्हणजे बघा, ख्मेर भाषेचं भारताशी असलेलं सर्वांत जुनं नातं संस्कृतमधून जात नाही, ते कोरकू-संताळीतून जातं. हे नातं अभिमानानं सांगणारं मात्र क्वचितच कोणी भेटतं!

आता जमिनीखाली काय आहे? बट्टंबांग प्रांतात लांग स्पीअन नावाची गुहा आहे. तिथं १०,००० वर्षांपूर्वीच्या शिकारी माणसांची दगडी हत्यारं सापडली. तोन्ले साप सरोवराच्या परिसरात सामरोंग सेन इथं शिंपल्यांचा मोठा ढिगारा. त्यात घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडी, मडकी, काशाच्या वस्तू. आणि शेती? २०१८ मध्ये आग्नेय आशियातल्या प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएचे अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यांतून दिसतं ते असं: सुमारे ४,००० वर्षांपूर्वी दक्षिण चीनकडून भातशेती करणारे लोक खाली सरकले आणि आधीपासून राहणाऱ्या शिकारी लोकांत मिसळले. ऑस्ट्रो-आशियाई भाषा बहुधा या शेतकऱ्यांबरोबर पसरल्या.

'बहुधा' म्हणतो, कारण खापर बोलत नाही. हाडातून वंश कळतो, भाषा कळत नाही. ख्मेर भाषेचा सर्वांत जुना, साल असलेला पुरावा इ. स. ६११ चा, अंगकोर बोरेइ इथला शिलालेख. त्यात काय आहे? देवाला दिलेल्या सेवकांची यादी! त्याआधीच्या माणसाला 'ख्मेर' म्हणायचं ते आपण, मागं वळून. तो स्वतःला काय म्हणत असेल, कोण जाणे. 'मूळ' शब्दानं आपल्या डोळ्यांपुढं एक झाड येतं, खाली एक मूळ, वर फांद्या. इथं चित्र नदीसारखं आहे. मेकाँगला उपनद्या मिळतात, त्यातलं खरं पाणी कुठलं, असं आपण विचारत नाही ना?

मग भारतीयांचं काय? गेल्या शतकात रमेशचंद्र मजुमदारांसारखे इतिहासकार 'प्राचीन भारतीय वसाहती' असा शब्द वापरत. तो आता टिकत नाही. अंगकोर बोरेइला वस्ती होती ती इसवी सनाच्या काही शतकं आधीपासून, म्हणजे संस्कृत शिलालेखांच्या कितीतरी आधी. पण म्हणून भारतातून फक्त व्यापाराचा माल आणि ग्रंथ गेले, माणसं गेलीच नाहीत, असं म्हणणंही चूक. त्याच गावच्या वाट कोम्नू दफनभूमीतल्या एका लहान मुलाचा डीएनए तपासला गेला. काळ इसवी सनाचं पहिलं ते तिसरं शतक. त्याचा ४० ते ५० टक्के वारसा दक्षिण आशियातला निघाला, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. सांगाडा एकच आहे, तेव्हा त्यावरून लोंढे आले म्हणू नका. पण कोणीतरी समुद्र ओलांडून आलं, तिथं राहिलं आणि त्यांचा संसार झाला, एवढं नक्की.

गंमत म्हणजे दंतकथाही हेच सांगते. कौंडिण्य नावाचा ब्राह्मण जहाजानं आला आणि तिथल्या नागकन्येशी, सोमेशी, त्यानं लग्न केलं. तिसऱ्या शतकातल्या चिनी दूतांनीही परदेशी पुरुष आणि स्थानिक राणी अशी कथा नोंदवली आहे. ख्मेर लोकांत या जोडप्याला प्रेह थोंग आणि नेआंग नेआक म्हणतात. आजही तिकडच्या लग्नात नवरा नवरीच्या उपरण्याचं टोक धरून तिच्या मागून चालतो. कथेत थोंग असाच नागकन्येचा पदर धरून नागलोकात उतरला होता. वाट तिला माहीत होती, त्याला नव्हती.