माहीमचा उंबरठा

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून उठून वीर सावरकर मार्ग ओलांडला आणि चौपाटीवर आलं की उत्तरेला पाण्यापलीकडे वांद्रे दिसतं. मध्ये माहीमची खाडी. तिच्या अलीकडच्या काठावर माहीमचा किल्ला, पलीकडच्या टोकावर पोर्तुगिजांचा 1640 चा वांद्र्याचा किल्ला. एवढ्याशा पाण्याला दोन किल्ले कशाला? याचं उत्तर शोधत गेलं की बंदरावर जगणारा छोटा मुलूख कसा चालतो, तेही उलगडतं.

आधी जमीन पाहू. आपण उभे आहोत ते मुंबईच्या सात बेटांपैकी माहीम बेट. दक्षिणेला वरळी, पूर्वेला परळ, आणि मधल्या खोलगटात भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. बेटावर माडांची दाट बनं. कोळी मासे धरत, भंडारी माडी काढत, सखल जागी भात होई. एवढ्यावर बेटाचं पोट भरलं असतं, पण त्यासाठी कोणी आरमार पाठवलं नसतं. तरीही 15 व्या शतकात गुजरातचा सुलतान आणि बहमनी सुलतान याच बेटासाठी झुंजले. म्हणजे कमाई बेटावर पिकणाऱ्या मालाची नव्हती, बेटावरून जाणाऱ्या मालाची होती.

ती कशी, ते पाहा. रस्ते नव्हते तेव्हा जड माल पाण्यातूनच जाई. खाडी धारावी, सायन, कुर्ल्याच्या दिशेने आत शिरते. उथळ बुडाचे मचवे भरतीबरोबर आत यायचे, ओहोटीबरोबर बाहेर पडायचे. वेळ समुद्र ठरवत असल्याने कुणाला गुपचूप निसटता येत नसे. खाडीच्या तोंडाशी जो बसेल, त्याने होडी थांबवायची, माल मोजायचा, जकात घ्यायची. अशा जकातघराला जुना शब्द मांडवी. आफ्रिकेच्या कोपऱ्यातला जिबूती आज असाच जगतो. स्वतःची शेती नावापुरती, पण किनारा नसलेल्या इथिओपियाचा बहुतेक माल त्याच्याच धक्क्यावरून जातो.

बंदरात मालाबरोबर माणसंही येतात आणि स्थिरावतात. 1431 मध्ये वारलेले मखदूम अली माहिमी अरब वंशाच्या व्यापारी नवाईत समाजातले. त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं. त्यांचा दर्गा आजही माहीमचा मोठा उरूस भरवतो.

आता राजकारण. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्यासोबत ही बेटं पोर्तुगिजांना दिली. पोर्तुगीज राजकन्येच्या 1661 च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. 1665 मध्ये इंग्रजांतर्फे हम्फ्री कुक ताबा घ्यायला आला तेव्हा पोर्तुगीज अधिकारी अडून बसले की माहीम वेगळं, ते मुंबईत धरू नका. जकातीचा नाका सुखासुखी कोण सोडेल? कुकने पुढे माहीमही बळकावलं. त्याचं उट्टं पोर्तुगिजांनी ठाणे आणि करंजाच्या नाक्यांवर काढलं आणि मुंबईच्या मालावर कर बसवला.

1668 मध्ये बेटं वर्षाला 10 पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. 1684 मध्ये थॉमस ग्रँटमने माहीमचा किल्ला मजबूत केला. तरी 1689 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने काही काळ माहीम घेतलंच. तो स्वतः सागरी संस्थानाचा धनी, त्याला नाक्याची किंमत काय शिकवायची! 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि खाडीपलीकडे मराठ्यांचा अंमल आला. वांद्रे ज्यावर आहे ते साष्टी बेट इंग्रजांनी घेतलं ते 1774 मध्ये. तोवर माहीमकराला वांद्रे म्हणजे परमुलूखच होता. रिक्षा आजही वांद्र्यालाच थांबते, माहीमला येत नाही, ही गंमत त्याच हद्दीवरची.

मग माहीम मागे का पडलं? एक कारण पाण्याची खोली. मोठ्या गलबतांना खोल आणि आडोशाचं पाणी लागतं, ते बेटांच्या पूर्वेला आहे. माहीमचा उपसागर पश्चिमेला उघडा, आणि नैर्ऋत्येचे वारे सुटले की नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या काठावर ओढून ठेवाव्या लागतात. दुसरं कारण 1774 चं. दोन्ही काठ एकाच धन्याचे झाले, मग नाक्यावर बसून जकात घ्यायची कुणाची?

शेवटी वाटच बदलली. तरीतून खाडी ओलांडणं जोखमीचं होतं. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखावर रुपये दिले आणि 1845 मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. अट एकच, टोल घ्यायचा नाही. शतकानुशतकं येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून कमावणाऱ्या जागेवर पहिल्यांदाच कुणीही फुकट जाऊ लागलं. पार्काजवळचा लेडी जमशेटजी रोड त्यांच्याच नावाचा.

बंदर गेलं, माड गेले, भराव पडत गेले. 1925 मध्ये इथे माहीम पार्क झालं. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचं शिवाजी पार्क झालं.

2009 पासून उपसागराच्या तोंडावरून सागरी सेतू जातो, आणि त्यावर पुन्हा टोल आहे. फरक इतकाच की आता नाका गाड्यांना अडवतो. कोळ्यांच्या होड्या मात्र खालून तशाच जातात, भरती-ओहोटी पाहून.