हिमगौरीचा आरसा भोकरदनचा!

सगळ्यांत सुंदर कोण, हे विचारायला दुष्ट राणीला काय लागतं? आरसा! आणि आरसा हातात धरायला? मूठ! ती मूठ शोधायला जर्मनीला जाऊ नका, हॉलिवूडला तर मुळीच नको. जालन्याहून निघा, वाटेत राजूरच्या गणपतीला हात जोडा आणि केळना नदीकाठी भोकरदनला उतरा. हिमगौरी आणि सात बुटक्यांच्या गोष्टीवरच्या शाळेतल्या नाटकाचा सगळ्यांत स्टायलिश सेट इथेच लागणार आहे. काळ दोन हजार वर्षांपूर्वीचा. राज्य सातवाहनांचं. लूक एकदम रॉयल!

आता धक्का नंबर एक. माहीत आहे का, १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईच्या ढिगाऱ्यात एक भारतीय सुंदरी सापडली? हस्तिदंताची, साधारण २४ सेंटिमीटर उंच. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला, शहर राखेखाली गेलं आणि त्याबरोबर ही बाईही गेली. एक पाय दुसऱ्यावर तिरका टाकून ती ऐटीत उभी आहे. दोन्ही बाजूंना शृंगाराचं साहित्य घेतलेल्या दोन छोट्या दासी. आणि डोक्यात वरून पाडलेलं एक उभं भोक! त्या भोकात काहीतरी बसवलेलं असणार. काही अभ्यासक म्हणतात, ही फर्निचरचा पाय असेल. पण बऱ्याच जणांच्या मते ही होती आरशाची मूठ. झाली की नाही आपल्या राणीची सोय?

मग यात भोकरदन कुठून आलं? १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते या जोडीने पुढच्याच वर्षी अहवाल छापून मोकळा केला. मातीतून जे निघालं त्यात पॉम्पेईच्या सुंदरीच्या जवळच्या नात्यातलं हस्तिदंती कामही होतं. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी म्हटलं, पॉम्पेईची मूर्ती भोकरदनच्याच कारागिरांनी घडवली असणार. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, म्हणून वाद अजून रंगतो. धाराशिवजवळच्या तेरलाही तशीच एक हस्तिदंती सुंदरी मिळाली आहे. माझं मत विचाराल तर माप मराठवाड्याच्याच पदरात पडतं.

आणि गंमत बघा, उत्खनन झालं तेव्हा जालना जिल्हाच अस्तित्वात नव्हता! तो झाला १ मे १९८१ ला. म्हणजे आरशाची मूठ जिल्ह्यापेक्षा जुनी, तीही जवळपास १९०० वर्षांनी.

योगायोग आवडतात? घ्या. डिस्नेचा स्नो व्हाइट सिनेमा पहिल्यांदा झळकला २१ डिसेंबर १९३७ ला. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत, ऑक्टोबर १९३८ मध्ये, पॉम्पेईची मूर्ती बाहेर आली. पडद्यावर जादूचा आरसा जग गाजवत होता आणि इकडे खरी मूठ हळूच राखेतून वर येत होती. त्या सिनेमासाठी वॉल्ट डिस्नेला ऑस्कर मिळालं ते कसं, माहीत आहे का? एक मोठी बाहुली आणि सोबत सात छोट्या!

चला, कॉस्च्युम. इथे खर्च दागिन्यांचा, कापडाचा नाही. त्या हस्तिदंती सुंदरीकडे नीट पाहा. कमरेला मण्यांची रुंद मेखला. हातात मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्यांची चळत. पायात तर तोडे असे, की घोट्यापासून थेट पोटरी झाकून टाकतात. केसांची रचना बघून आजच्या ब्रायडल मेकअपवाल्या वही-पेन काढतील. अंगावर कपड्यांपेक्षा अलंकारच जास्त, त्यामुळे नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात ती चक्क ‘गुप्त दालना’त विराजमान आहे. शाळेच्या रंगमंचावर मात्र झुळझुळीत सुती कापड घ्या. तेही इतिहासाला धरून आहे, कारण इथलं तलम कापड तेरहून बैलगाड्यांतून भडोच बंदराला जायचं. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याची नोंद आहे आणि भडोच ते पैठण अंतरही दिलंय: वीस दिवसांची वाट!

हिमगौरी बर्फासारखी गोरी, रक्तासारखी लाल, आबनूसासारखी काळीभोर, असं ग्रिम बंधूंनी १८१२ साली लिहिलं. जालन्यात बर्फ कुठला? कापूस घ्या, वेचून वेचून संपणार नाही. आबनूस? आपला टेंभुर्णीचा वृक्ष त्याच कुळातला, गाभा काळाकुट्ट. जाफ्राबाद तालुक्यात टेंभुर्णी नावाचं अख्खं गाव आहे. भडोचहून परदेशी जाणाऱ्या मालात आबनूसाचे ओंडकेही असायचे. सगळं साहित्य लोकल!

तो आरसा मात्र काचेचा नाही हं. चांदीचा मुलामा दिलेला काचेचा आरसा १८३५ च्या सुमाराला युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने घडवला. सातवाहन राणीच्या हाती असणार घासूनपुसून लखलखीत केलेला धातूचा आरसा. तो धरून बसलेली बाई कशी दिसते हे बघायचंय? अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात जा. काळ थोडा नंतरचा, पाचव्या शतकातला, पण दासींच्या गराड्यात आरसा न्याहाळणारी ती राजस्त्री बघितली की दिग्दर्शकाला सीन समजावून सांगावा लागत नाही.

आता बुटके. अहो, बुटके तर आपल्याकडे आधीच हजर! कन्नड तालुक्यातल्या पितळखोरा लेण्यांत १९५० च्या दशकात साफसफाई करताना एक ठेंगणा यक्ष सापडला. गोलमटोल पोट, डोक्यावर भांडं आणि चेहऱ्यावर असं मनमोकळं हसू, की बघणाराही हसतो. त्याच्या हातावर शिल्पकाराने नाव कोरलंय: कण्हदास. व्यवसाय? सोनार! ग्रिमच्या गोष्टीतले बुटके डोंगरातून सोनं खणतात आणि आपला बुटका सोनारानेच घडवला. हे वाचून अंगावर काटा नाही आला तर परत वाचा. सध्या हा यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मुक्कामाला आहे. आणि हो, ग्रिमच्या बुटक्यांना नावंच नव्हती. त्यामुळे सातही जणांची नावं ठेवायची मुभा तुम्हाला.

पितळखोऱ्याचा आणखी एक शिलालेख भारीच. पैठणच्या मितदेव नावाच्या अत्तरविक्याने तिथे दान दिलंय. म्हणजे राणीच्या शृंगारखोलीत सुगंधाचा पुरवठा कुठून, तेही पक्कं!

राजकुमाराचं काय? सातवाहन राजपुत्राची ओळख आईच्या नावाने. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. गौतमीपुत्राची कीर्ती सांगणारा नाशिकचा लेखसुद्धा त्याची आई गौतमी बलश्री हिने कोरवून घेतला. नाणेघाटात राणी नागनिकेचा लेख आहे. बायकांचा दरारा होता बघा! म्हणून इथला राजकुमार घोड्यावरून उतरून पहिल्यांदा आईचं नाव सांगेल, मगच हिमगौरीकडे वळेल. आणि दुष्ट राणीबद्दल एक हादरा: ग्रिमच्या पहिल्या आवृत्तीत ती सावत्र नव्हती, सख्खी आई होती! १८१९ च्या आवृत्तीत तिला सावत्र केलं.

स्वयंपाकघरात जाऊ या. बुटक्यांसाठी हिमगौरीने काय रांधलं? हिरव्या मिरचीचा ठेचा? कट! मिरची अमेरिकेची, पोर्तुगीजांबरोबर आली. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार आज गाजतो, पण सातवाहन राणीच्या ताटात मिरचीचं देठही नव्हतं. बटाटा नाही, टोमॅटो नाही, लाल भोपळाही नाही. तिखटपणा मिऱ्यांचा.

त्याच मिऱ्यांवर रोमची जीभ इतकी चटावली, की प्लिनी नावाचा रोमन लेखक वैतागला. भारत दरवर्षी आमच्याकडून ५ कोटी सेस्टर्स खेचून नेतो, असं त्याने लिहून ठेवलं. (सेस्टर्स म्हणजे त्यांचं नाणं.) आता धरा श्वास. हा प्लिनी मेला कधी? इसवी सन ७९ मध्ये, व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात! भारतीय चैनीवर बोट ठेवणारा माणूस आणि भारतीय चैनीची मूर्ती, दोघांचा शेवट एकाच ज्वालामुखीने केला.

विषारी सफरचंद? दख्खनमध्ये तेव्हा सफरचंद मिळणार नाही. मोसंबी जालन्याची शान, तिला जीआय मानांकनही आहे, पण ती फारच नंतरची. मूळ गोष्टीत फळाची फक्त लाल बाजू विषारी असते. मग पाडाचा आंबा घ्या ना! एक गाल लाल, एक हिरवा. राणीने हिरवी फोड स्वतः खाल्ली, लाल फोड हिमगौरीला दिली. सीन हिट!

काचेची शवपेटी? मोठी काच सोडा, आपल्याकडे स्फटिक होता. आंध्रातल्या भट्टिप्रोलूच्या स्तूपात स्फटिकाची अस्थिमंजूषा निघाली आहे. आपली पेटी स्फटिकाची, चमक काचेहून जास्त.

बोनस हवा? सिंड्रेलाही याच वाटेवरची आहे. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या ऱ्होडोपिसची गोष्ट सांगतो. ती अंघोळ करत असताना गरुडाने तिची चप्पल पळवली आणि थेट राजाच्या मांडीत टाकली. राजाने मालकीण शोधून तिच्याशी लग्न केलं. आणि त्याच ग्रंथात स्ट्रॅबो सांगतो, की इजिप्तच्या मायोस हॉर्मोस बंदरातून भारताकडे १२० जहाजं जायची! गोष्ट आणि जहाजं, एकाच माणसाच्या लेखणीतून.

आपल्याकडच्या गोष्टी कमी का आहेत? पैठणच्या सातवाहन दरबारातल्या गुणाढ्याने ‘बृहत्कथा’ रचली. दंतकथा अशी, की राजाने सात लाख श्लोकांचा तो ग्रंथ नाकारला. गुणाढ्य रानात जाऊन एकेक पान प्राण्यांना वाचून दाखवू लागला आणि आगीत टाकू लागला. हरणं चरायची विसरली! राजाला उपरती झाली तोवर सहा लाख श्लोक खाक झाले होते. उरलेला एक लाखही आज मूळ रूपात नाही, पण त्या गोष्टी काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागरा’त पुन्हा सांगितल्या. गोष्ट नव्या वेशात मांडायची कला या गोदाकाठाला नवी नाहीच.

जर्मनीत लोर आम माइन नावाचं एक गाव आहे. तिथल्या संग्रहालयात जुना आरसा आहे, त्याचं भांडवल करून ते गाव स्वतःला स्नो व्हाइटचं गाव म्हणवतं. भोकरदनकडे तर दोन हजार वर्षांचा हस्तिदंती वारसा आहे, उज्जैन-पैठण व्यापारी वाटेवरचं स्थान आहे आणि सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या गावांत ‘भोगवर्धन’ हे जुनं नाव कोरलेलं आहे.

तेव्हा जालना जिल्ह्यातल्या शिक्षकांनो, यंदाच्या स्नेहसंमेलनात हिमगौरी बसवा आणि ती भोगवर्धनची म्हणून बसवा. हस्तिदंताचा व्यापार आज कायद्याने बंद आहे, तो योग्यच बंद आहे, म्हणून मूठ पुठ्ठ्याची करा, पांढरा रंग द्या. पडदा वर जाण्याआधी माइकवरून एवढं जरूर सांगा: या आरशाची बहीण नेपल्सला आहे!