लांबच्या प्रवासापूर्वी : एका फियाटचा जमाखर्च

आपल्या घरांतील जुन्या वह्या आपण सहसा टाकून देत नाही. व्यवहार मिटला, देणे-घेणे संपले, तरी लाल कापडात बांधलेली ती चोपडी माळ्यावर राहते. अशाच एका वहीने गेल्या वर्षी आम्हांला मोठा धडा दिला. ती वही दुकानाची नव्हती, मोटारीची होती.

आमच्या वडिलांचे वरळी नाक्याजवळ धान्याचे दुकान होते. 1967 साली त्यांनी फियाट 1100 डिलाइट ही मोटार घेतली. दुकानासमोर जागा नसल्याने ती जवळच्या बीडीडी चाळींत, दोन इमारतींमधील मोकळ्या जागेत उभी राही. तिची देखभाल पुढे त्याच चाळीत राहणाऱ्या एका मिस्त्रींकडे आली. तरुणपणी त्यांनी कुर्ल्याच्या मोटार कारखान्यात काम केले होते आणि फियाटचे इंजिन ते केवळ कानाने ओळखत. वडील गेल्यानंतर मोटार वर्षातून दोन-चार वेळाच बाहेर निघे. तरी तिचे प्लग साफ करणे, टायरमध्ये हवा भरणे हे काम मिस्त्रीकाकांनी सोडले नाही.

मुंबईहून कोल्हापूर, आंबोली घाट या मार्गाने पणजीपर्यंत जाऊन परत येणाऱ्या जुन्या मोटारींच्या एका रॅलीची माहिती माझ्या मुलीने आणली. जाऊन-येऊन सुमारे 1200 कि.मी.चा प्रवास होता. घरातील सर्वांनी तो विचार हसण्यावारी नेला. मिस्त्रीकाका मात्र हसले नाहीत. त्यांच्या इमारतीला घरे रिकामी करण्याची मुदत मिळाली होती. ते एवढेच म्हणाले, "शेठ, करायचे तर आत्ताच करू. पुढच्या वर्षी ही जागाही नसेल आणि मीही इथे नसेन."

श्रेष्ठींचा कारखाना, चाळीतील कारागीर

या मोटारीशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. सोलापूरच्या दोशी घराण्यात 1882 मध्ये जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने या देशात तयार व्हावीत, ही त्यांची आकांक्षा होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकन बनावटीच्या मोटारी जुळवून बाहेर पडल्या आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले. 1953 मध्ये वालचंदशेठ निवर्तले. त्यानंतरच्या वर्षी आलेली फियाट 1100 पुढे डिलाइट, प्रेसिडेंट आणि शेवटी पद्मिनी या नावांनी चार दशकांहून अधिक काळ मुंबईच्या रस्त्यांवर धावली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वांच्या परिचयाची आहे. पद्मिनी जातीची शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. 20 वर्षांची मर्यादा पूर्ण होताच, ऑक्टोबर 2023 मध्ये, तीही रस्त्यावरून उतरली.

कारखाना शेठांचा असला तरी त्याचे हात चाळींतून येत. बीडीडी चाळी 1920 च्या दशकात तत्कालीन मुंबई सरकारच्या विकास खात्याने बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी अशा चार ठिकाणी त्या पसरल्या असून एकट्या वरळीत 121 इमारती होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, आणि एकेका कुटुंबाला 160 चौरस फुटांची खोली. गिरणी कामगार, पोलीस, गोदी कामगार, फिटर आणि वेल्डर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. आता म्हाडामार्फत तेथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतील पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षे एका खोलीत काढलेल्या घराण्यांना स्वतःचे प्रशस्त घर मिळावे, याहून आनंदाची गोष्ट कोणती? परंतु जिन्याखालची हत्यारपेटी, व्हरांड्यात टांगलेले फॅनबेल्ट आणि इमारतींमधील ती मोकळी जागा नव्या नकाशात कोठे बसणार, हा प्रश्न राहतोच.

रॅली म्हणजे शर्यत नव्हे

जुन्या मोटारींच्या रॅलीबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. अशा बहुतेक रॅलींमध्ये सर्वांत वेगाने जाणारा जिंकत नाही. प्रत्येक टप्प्यासाठी सरासरी वेग ठरवून दिलेला असतो, आणि ठरल्या वेळेपेक्षा उशिरा पोहोचल्यास जसा दंड होतो तसाच लवकर पोहोचल्यासही होतो. चालकाशेजारी बसणारा मार्गदर्शक हातातील रस्तापुस्तिका, घड्याळ आणि अंतरमापक यांचा मेळ घालतो. आमच्या घरी हे काम मुलीकडे आले. मैलाचे दगड मोजत आमच्या मोटारीचा अंतरमापक किती चुकतो हे तिने प्रथम काढले. 100 कि.मी. चालल्यावर तो 104 दाखवी. ही चूक माहीत झाली की तिचा हिशेब धरता येतो. माहीतच नसेल, तर प्रत्येक टप्प्यात तोटा ठरलेला.

या क्षेत्राचा इतिहासही हेच शिकवतो. 1907 मध्ये पेकिंगहून पॅरिसला मोटारी धावल्या. तेव्हा इटलीचे राजपुत्र बोर्गेसे यांनी आपल्या मोटारीच्या रुंदीइतका बांबू तोडून घेतला आणि घोड्यावरून जाऊन डोंगरातील वाटा आधी मोजून पाहिल्या. पेट्रोलचे साठे त्यांनी वाटेवर अगोदरच पोहोचवले होते. इतरांपेक्षा ते पुष्कळ दिवस आधी पॅरिसला पोहोचले. 24 नोव्हेंबर 1968 रोजी लंडनहून सिडनीकडे 98 मोटारी निघाल्या. त्यांपैकी 72 मोटारी आपल्या मुंबईपर्यंत आल्या आणि येथून जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. 17 डिसेंबर रोजी सिडनीत विजयी ठरली ती अँड्र्यू कोवन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांची हिलमन हंटर, म्हणजे कोणत्याही मध्यमवर्गीय घरासमोर उभी दिसावी अशी साधी मोटार. पुढे असलेली मोटार शेवटच्या टप्प्यात अपघातात सापडली. हंटर मात्र अखेरपर्यंत चालत राहिली.

वही उघडली

कामाला आरंभ करताना मिस्त्रीकाकांनी बॉनेट उघडले नाही. त्यांनी वडिलांची वही मागितली. वडील पेट्रोल, ऑइल, टायर, दुरुस्ती यांची तारीखवार नोंद ठेवत, दुकानाच्या कीर्दीसारखीच. मिस्त्रीकाका ओट्यावर बसून दोन संध्याकाळी ती वाचत राहिले. कोणता भाग किती वर्षांनी बदलला गेला, कोणता दोष उन्हाळ्यात आणि कोणता पावसाळ्यात डोके वर काढतो, हे त्या पानांत होते. त्यांनी त्यातून एक यादी केली आणि त्या क्रमानेच काम झाले.

प्रथम ब्रेक. या मोटारीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि वर्षानुवर्षे उभ्या मोटारीत नळ्या आतून गंजतात. म्हणून मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या आणि तेल हे सारेच नवे घातले. घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवू नये, ज्या गिअरमध्ये चढण चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुना नियम त्यांनी मुलीकडून वहीत लिहून घेतला.

मग इंधनाचा मार्ग. आपल्या देशात 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते आणि आता त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. 1967 च्या मोटारीतील रबर या मिश्रणासाठी बनलेले नाही. ते फुगते, मऊ पडते आणि त्याचे कण कार्ब्युरेटरात अडकतात. पेट्रोलची टाकी उतरवून आतून स्वच्छ केली, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवल्या आणि फिल्टर लावला. शिसे नसल्याने झडपांच्या बैठका लवकर झिजतात. म्हणून इंजिनचे हेड खोलून तेथे कठीण धातूच्या बैठका बसवून घेतल्या. सर्वांत मोठा खर्च याच कामाचा झाला.

रेडिएटर खोलून आतील क्षार काढला, पाण्याचे होज आणि फॅनबेल्ट बदलले. पुढच्या चाकांच्या किंगपिनना ग्रीस दिले. टायर वरून नवे दिसत होते. परंतु टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ती वाचल्यावर टायर बारा वर्षांचे निघाले. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर आतून तडकते, म्हणून तेही बदलले.

सोबत न्यायच्या वस्तूंची पेटी लहानच ठेवली. त्यात कंडेन्सर, कॉन्टॅक्ट पॉइंट, रोटर, वितरकाचे झाकण, फॅनबेल्ट, पेट्रोल पंपाचा पडदा, फ्यूज, दिवे, एक ट्यूब, टो करण्याचा दोर आणि अग्निशामक एवढेच होते. मी आणखी काही भाग घेऊ पाहत होतो. मिस्त्रीकाकांनी ते बाहेर काढले. "जे रस्त्यावर तुम्हाला बसवता येणार नाही, त्याचे ओझे गाडीला का?"

सोडून दिलेली ओळ

कागदपत्रांचे कामही या काळात झाले. 2021 पासून केंद्र सरकारच्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची स्वतंत्र तरतूद आहे. अशी मोटार प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. ज्यांच्या घरी अशी वाहने आहेत त्यांनी ही तरतूद अवश्य समजून घ्यावी.

मे महिन्यात चाचणीसाठी मी आणि मुलगी जुन्या मार्गाने खंडाळ्याकडे निघालो. खोपोली मागे पडली, बोरघाटाची चढण सुरू झाली आणि मोटार गचके देत बंद पडली. स्टार्टर फिरे, ठिणगीही होती, परंतु इंजिन सुरू होईना. मागे ट्रकची रांग लागली. सहा महिन्यांचे काम आणि घरच्यांचे शब्द डोळ्यांपुढे आले. मुलीने मागच्या आसनावरून वही घेतली. मे 1974 च्या पानावर वडिलांच्या अक्षरात नोंद होती, "खंडाळा घाट. गाडी थांबली. पंपावर ओले फडके. वीस मिनिटे."

उन्हात आणि चढणीवर इंजिनच्या उष्णतेने नळीतील पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. फियाटचा हा जुना विकार आहे. मिस्त्रीकाकांच्या यादीत तो होता. परंतु नवा रेडिएटर बसवल्यावर आता तो त्रास कशाला होईल, असे म्हणून ती ओळ मीच खोडली होती. आम्ही पाण्यात फडके भिजवून पंपावर ठेवले. पाव तासाने मोटार सुरू झाली.

परत आल्यावर मी ते मिस्त्रीकाकांना सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी पेट्रोलची नळी इंजिनपासून दूर वळवून घेतली, पंपाखाली उष्णता अडवणारी जाड चकती बसवली आणि यादीत खोडलेली ओळ पुन्हा लिहिली. व्यापारात बुडीत खात्याची नोंद आपण फाडून टाकत नाही, कारण पुढच्या पिढीला तीच उपयोगी पडते. स्वतःच्या मोटारीच्या बाबतीत हे मला घाटात शिकावे लागले.

निघण्यापूर्वी

रॅली पुढे हिवाळ्यात झाली. पणजीला जाऊन मोटार परत आली. वाटेत एकदा ट्यूब बदलावी लागली, एवढेच. क्रमांक मधलाच आला. सायंकाळच्या मुक्कामाला सूर्यास्तापूर्वी पोहोचून जेवण आटोपता येईल अशी आखणी मुलीने केली होती, आणि ती तिने दोन्ही वेळा साधली.

त्या आधीच मिस्त्रीकाकांची खोली रिकामी झाली होती. नवी इमारत होईपर्यंत ते मुलाकडे उपनगरात राहत आहेत. मोटार आता आमच्या गोदामात उभी असते. महिन्यातून एकदा ते लोकलने येतात, खुर्चीवर बसतात आणि मुलगी हत्यारे हाती घेते. कोणता स्क्रू किती आवळायचा हे ते सांगतात, ती करते आणि मग लिहिते.

आपल्या अनेक कुटुंबांत, गोदामाच्या कोपऱ्यात किंवा गावाकडच्या वाड्यात, आजोबांची एखादी मोटार ताडपत्रीखाली उभी असेल. ती विकायची की ठेवायची, हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय. परंतु ठेवायची असेल तर आधी तिला ओळखणारा कारागीर कोठे आहे ते शोधा, आणि त्याच्या समोर वही घेऊन बसा. मोटारीचे सुटे भाग काही वर्षांनीही शोधून मिळतील. तो कारागीर मात्र चाळीसोबत दूर गेला, तर त्याचा पत्ता आजच विचारून ठेवावा लागेल.