चुन्याचं पाणी पाजून कवच जाड होत नाही

अंड्यांची कवचं पातळ झाली की सल्ला ठरलेला: पाण्यात चुना टाका. नर्सी नामदेव काय किंवा कयाधूकाठचं दुसरं कुठलं गाव काय, तंबाखूच्या निमित्तानं चुना हाताशी असतोच. कवच चुन्याचं, म्हणून चुना पाजायचा. तर्क बिनतोड वाटतो, पण हिशेब कुणी करत नाही.

तो करूच. कवचाचं वजन पाच-सहा ग्रॅम आणि ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे प्रत्येक अंड्यामागे दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम अंगातून जातं. खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. म्हणून पांढरी अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज सव्वातीन ग्रॅम कॅल्शियम हवं, असं अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचं १९९४चं कोष्टक सांगतं. आजच्या लेअर जातींना चार ग्रॅमच्या आसपास देतात.

आता चुना. तो पाण्यात फारसा विरघळतच नाही. लिटरभर पाण्यात पावणेदोन ग्रॅमच्या आत. त्यात कॅल्शियम ग्रॅमभरही नाही. कोंबडी दिवसाकाठी पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. हाती आलं पाव ग्रॅम! उरलेला चुना भांड्याच्या तळाशी बसतो. पाणी ढवळून पांढरं करून पाजलं तर ते आणखी वाईट, कारण चुना दाहक असतो. त्यानं चोच-घसा पोळतो, कोंबडी पाणी टाळते, पाणी कमी झालं की दाणाही कमी खाते. मराठवाड्याच्या मे महिन्यात हा उपाय करणं म्हणजे तर कहरच.

‘पण आमच्याकडे गुण आला’ हे उत्तर हमखास येतं. येणारच. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते, तेवढ्या विसाव्यात हाडांतला साठा भरतो आणि पुढची अंडी टणक येतात. उन्हाळ्याचंही तसंच. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. पाऊस पडून हवा थंडावली की कवच आपोआप सुधारतं. श्रेय मात्र चुन्याला.

खरा उपाय स्वस्त आहे: शिंपल्यांचा भरडा किंवा चुनखडीचे दोन-चार मिलिमीटरचे खडे, वेगळ्या भांड्यात, संध्याकाळी. कवच घडायला वीसेक तास लागतात आणि त्यातली बरीचशी घडण रात्री होते, जेव्हा कोंबडी काहीच खात नाही. जाड खडे पोटात राहून रात्रभर हळूहळू विरघळतात. बारीक भुकटी लवकर पुढे सरकते आणि मग कोंबडीला स्वतःची हाडं झिजवावी लागतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. मोकळं फिरणाऱ्या कोंबडीला काही लागत नाही: वर्षाला पन्नास-साठ अंडी देणाऱ्या गावठीला किडे, गोगलगाई आणि काळ्या रानातले चुनखडे बहुधा पुरतात, दीड-दोनशे देणाऱ्या सुधारित जातीला नाही. ज्वारीत सगळं असतं: शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम तीस मिलिग्रॅमच्या आसपास, एवढंच. गाई-म्हशींचं मिनरल मिक्स्चर चालतं: नाही, त्यातलं प्रमाण जनावरांसाठी बेतलेलं असतं. खनिजांनी बलक केशरी होतो: तो मक्यानं आणि हिरव्या पाल्यानं होतो.

आणि एक धोक्याचा. ‘लहानपणापासून कॅल्शियम द्या, पुढे कामी येईल.’ लेअरचं खाद्य पिल्लांना घातलं तर जादा कॅल्शियमनं मूत्रपिंडं निकामी होतात, अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसतो आणि तलंगा पहिल्या अंड्याआधीच मरतात. त्यांच्या खाद्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास पुरे. खडे भरपूर देऊनही कवच पातळच राहिलं, तर कमतरता ड-३ जीवनसत्त्वाची किंवा फॉस्फरसची असू शकते, नाहीतर मानमोडी कळपात शिरलेली असते. तेव्हा दुकानात नव्हे, पशुवैद्यकीय दवाखान्यात जायचं.